टाच दुखतेय म्हणून इनसोल घेताय? आधी पाय बघा, मग बूट, मग इनसोल

सांगली-मिरजेत दिवसभर पायांवर उभं राहून पोट भरणारी माणसं खूप आहेत. मार्केट यार्डातले हमाल आणि तोलाईदार, मिरजेच्या दवाखान्यांतल्या सिस्टर, वर्गावर उभे राहणारे शिक्षक, कुपवाड एमआयडीसीत मशीनपुढे आठ-आठ तास काढणारे कामगार, मारुती रोडवरच्या दुकानांतली मुलंमुली. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. यांतली बरीच मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा इनसोल घेऊन झालेला असतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, “अरे, जेलवाली गादी घाल बुटात, मोकळा होशील.” दोन आठवडे बरं वाटतं, मग टाच पुन्हा बोलायला लागते. मग त्याहून महाग इनसोल येतो आणि तोही कपाटात जाऊन पडतो.

इनसोलने आराम पडतो, यात शंका नाही. पण तो कोणत्या पायासाठी, कोणत्या बुटात आणि दिवसातले किती तास वापरायचा, हे आधी ठरवावं लागतं. पाकिटावरचं वाचून ते ठरत नाही. म्हणून इथे ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने जा. दुकानात जाणं बरंच नंतर येतं.

पायरी १ : तुमचे पाय दिवसभर कुठे असतात ते लिहून काढा

एक कागद घ्या. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत पाय किती तास बुटात, किती तास चपलेत आणि किती तास उघडे फरशीवर असतात, ते लिहा. अंदाजे लिहिलं तरी चालेल.

हे सांगितल्यावर लोकांना वाटतं मॅडम वेळ काढतायत. पण बहुतेकांचा खरा घोळ इथेच सापडतो. माझ्याकडे एक शिक्षिका येत असत. शाळेच्या बुटात त्यांनी चांगला, कमानीला (तळव्याच्या मधल्या उंच भागाला) घट्ट आधार देणारा इनसोल घातला होता, आणि तो त्यांच्या पायाला बरोबर बसतही होता. तरी टाच सुटत नव्हती. दिवस लिहून काढला तेव्हा कळलं, बूट पायात असतो साधारण सहा तास. सकाळी डबे करताना ओट्यापाशी, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, मग भांडी, कपडे, देवघर, हे सगळं अनवाणी, गुळगुळीत टाइल्सवर. टाचेवर खरा भार पडत होता तो घरात, आणि तिथे इनसोलचा काही संबंधच नव्हता.

आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत आणि बाहेरही बराच वेळ चप्पल किंवा सँडलच असते. इनसोल बसतो फक्त बंद बुटात. तुमच्या कागदावर बुटाचे तास तीन-चारच्या आत असतील, तर तुम्हाला इनसोलपेक्षा चांगली चप्पल आणि घरात घालायची वेगळी जोडी जास्त उपयोगी पडेल. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

पायरी २ : दुखतं कुठे, ते एका बोटाने दाखवा

“पाय दुखतो” एवढ्यावर इनसोल निवडता येत नाही. खुर्चीवर बसा, पाय मांडीवर घ्या आणि एका बोटाने दाबत दाबत सगळ्यात दुखरी जागा शोधा.

टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला बोट टेकल्यावर कळ येते का? सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की कळ मस्तकात जाते, बाथरूमपर्यंत जाईस्तोवर जरा सैल पडतं, आणि चहाला बसून परत उठलं की पुन्हा तेच? मग बहुधा हा प्लांटर फॅशिआयटिस आहे. टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड, चिवट पट्टा जातो. धनुष्याच्या दोरीसारखा तो पावलाची कमान ताणून धरतो. वजन वाढलं, उभं राहण्याचे तास वाढले, पोटरीचे स्नायू आखडले किंवा एकदम चालणं-पळणं वाढवलं की टाचेजवळ त्याच्यावर ताण येतो. रात्रभर पाय ढिला असतो, म्हणून सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात जड जातं. टाचेच्या तळाशी होणाऱ्या दुखण्यांत हेच सगळ्यात जास्त आढळतं, आणि इनसोलचा उपयोगही इथेच सगळ्यात जास्त होतो.

एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या टाचेतही तसं हाड दिसतं. उपचार दुखण्याचे करायचे असतात, फोटोचे नव्हे.

दुखणं चवड्यात असेल, म्हणजे बोटांच्या मागच्या गादीत आग होत असेल किंवा बुटात खडा असल्यासारखं वाटत असेल, तर आधी बुटाची रुंदी बघा. निमुळते, टोकदार बूट आणि उंच टाचांचे सँडल चवड्यावर सगळा भार ढकलतात. अशांसाठी छोटा फुगीर तुकडा असलेला इनसोल मिळतो, त्याला मेटाटार्सल पॅड म्हणतात. हा तुकडा दुखऱ्या जागेच्या खाली येता कामा नये, तिच्या थोडा मागे, कमानीच्या बाजूला यायला हवा. दुखऱ्या जागेखालीच आला तर दुखणं वाढतं.

टाचेच्या मागच्या बाजूला, पोटरीच्या स्नायूची जाड शीर जिथे हाडाला चिकटते तिथे दुखत असेल, तर कमानीच्या आधाराने फारसा फरक पडत नाही. टाचेखाली थोडी उंची देणारा तुकडा काही दिवस बरा वाटतो. तो दोन्ही बुटांत घाला, एकाच पायात घालून कंबर तिरकी करून घेऊ नका. बोटावर कुरूप किंवा घट्टा असेल तर बहुतेक वेळा बूट लहान किंवा अरुंद असतो. त्यात इनसोल घातला तर जागा आणखी कमी होईल.

आणि आतला घोटा ते कमान या भागात दुखतंय, गेल्या काही महिन्यांत एकच पाऊल सपाट होत चाललंय असं वाटतंय, तर दुकानात न जाता आधी डॉक्टरांकडे जा. कमान उचलून धरणारी एक शीर घोट्याच्या आतल्या बाजूने जाते. ती कमकुवत झाली असेल तर वेळ घालवून चालत नाही.

पायरी ३ : थांबा. तुम्ही यांपैकी कुणी आहात का?

हा भाग कृपया वगळू नका.

मधुमेह असेल तर इनसोल घेण्याआधी पायाची संवेदना तपासून घ्या. डॉक्टर किंवा फिजिओ एक बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून बघतात. पाच मिनिटांचं काम आहे. संवेदना कमी झाली असेल तर इनसोलची कड, शिवण किंवा दुमडलेला कोपरा पायाला टोचतोय हे कळतच नाही. फोड येतो, फोडाची जखम होते आणि ती चिघळते. अशा लोकांसाठी एमसीआर, म्हणजे मऊ, स्पंजासारख्या रबराचा तळ असलेल्या चपला आणि बूट मिळतात. त्या सांगितलेल्या मापातच घ्या. बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा-खिळा नाही ना ते बघा. रात्री झोपण्याआधी तळवे बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. चैत्र-वैशाखात दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालून तळव्याला फोड आलेली मधुमेही माणसं आमच्याकडे येतात, आणि त्यांना भाजलेलं घरी गेल्यावरच कळलेलं असतं. उन्हाळ्यात देवदर्शन सकाळी लवकर करा. मोजे घालून गेलात तर देव रागावत नाही.

पाय एकदम लाल, गरम, सुजलेला असेल, जखम असेल, मार लागून दुखत असेल आणि पाय टेकवत नसेल, रात्री झोपेतून दुखण्याने जाग येत असेल, मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर होत असेल, तरी आधी डॉक्टर. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात, सोबत सकाळी कंबर अर्धा-एक तास आखडलेली असते आणि हालचाल केली की सुटते, तर संधिवाताच्या एका प्रकाराची शक्यता तपासावी लागते. अशांनी इनसोल बदलत वर्षं घालवू नयेत.

लहान मुलांबद्दल आईवडिलांना फार काळजी असते. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांची पावलं सपाटच दिसतात. मूल चवड्यावर उभं राहिलं की कमान दिसत असेल आणि काही दुखत नसेल, तर त्याला इनसोलची गरज नाही. खेळू द्या, घरात अनवाणी फिरू द्या.

पायरी ४ : पाऊल ओळखा, पण त्याला घाबरू नका

शहाबादी फरशी असेल तर उत्तम, नाहीतर वर्तमानपत्राचा कागद चालेल. तळवा ओला करा, सहज उभे राहा आणि ठसा बघा. टाच आणि चवडा यांना जोडणारा पट्टा मध्यम रुंदीचा असेल तर कमान सर्वसाधारण. पूर्ण तळवा उमटला तर कमान खाली आहे. जोडणारा भाग अगदी बारीक असेल किंवा उमटलाच नाही तर कमान उंच.

ही चाचणी ढोबळ आहे. सपाट पाऊल असूनही आयुष्यभर काही न दुखणारी माणसं पुष्कळ आहेत. उलट उंच कमानीचं पाऊल बहुधा ताठ असतं आणि धक्का कमी झेलतं, म्हणून त्याच्याही तक्रारी असतात. ठशावरून एवढंच ठरवा की इनसोलची कमान साधारण किती उंच लागेल. सपाट पाऊल असेल तर उंच, कडक कमानीवर उडी मारू नका. पायाला तिची सवय नसते, आणि मधोमध दगडावर उभं राहिल्यासारखं दुखतं. कमी किंवा मध्यम उंचीपासून सुरुवात करा.

भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहा आणि टाच उचला. दोन्ही पायांनी नीट करता येतं का? टाच उचलल्यावर किंचित आत वळते का? एका पायाने अजिबात जमत नसेल, तर वर सांगितलेली शिरेची तपासणी करून घ्या.

शेवटी जुने बूट उलटे करून बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं सर्वसाधारण आहे. आतली कड जास्त झिजली असेल, बूट आतल्या बाजूला कलला असेल, तर पाय आत पडतोय. हे बूट दुकानात सोबत घेऊन जा, समोरच्याला बरंच काही सांगता येतं.

पायरी ५ : बुटाची परीक्षा

वाईट बुटात चांगला इनसोल घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं. बूट हातात घ्या आणि तीन गोष्टी करा. टाचेच्या मागचा कप दोन बोटांनी दाबा, तो सहज चेपता कामा नये. टाच आणि टोक धरून टॉवेल पिळल्यासारखा पिळा, मधला भाग फडक्यासारखा वळता कामा नये. मग टोक वर वाकवा, तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे. मधोमध कमानीत दुमडत असेल तर तो बूट परत ठेवा.

आता आत हात घाला. मूळ सुखतळा सुटा निघतो का? निघत असेल तर इनसोलला जागा आहे. चिकटवलेला असेल तर पातळ किंवा तीन-चतुर्थांश लांबीचाच इनसोल चालेल, तोही बोटांना जागा उरत असेल तर. पूर्ण लांबीचा इनसोल जुन्या गादीवर कधीच टाकू नका. टाच वर येते, मागून घासते आणि घोटा डगमगतो.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडा फुगतो. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण १ सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाच्या रुंदीएवढी जागा हवी. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर पाऊल थोडं लांब-रुंद होऊ शकतं, म्हणून लग्नाआधीचा नंबर धरून बसू नका.

एमआयडीसीतल्या भावांसाठी खास : सेफ्टी शूमध्ये पुढे कडक टोपी असते. इनसोल जाड झाला की बोटं त्या टोपीला वरून घासतात. सेफ्टी शू नवा घेतानाच सोबत इनसोल घेऊन जा आणि दोन्ही घालून चालून बघा. आणि कंपनीने दिलेला खिळा-प्रतिबंधक तळ काढून तिथे इनसोल बसवू नका. तो तुमच्या सुरक्षेसाठी असतो.

पायरी ६ : आता इनसोल हातात घ्या

दुकानात इनसोलचे ढीग असतात. रंगांकडे दुर्लक्ष करा. तुम्हाला पाहायचंय की तो मऊपणा देतो की आधार, कारण ही दोन वेगळी कामं आहेत.

जेल, मेमरी फोम आणि साधा स्पंज मऊपणा देतात. पहिल्या दिवशी पायाला गोड वाटतात. टाचेखालची नैसर्गिक चरबीची गादी वयामुळे पातळ झाली असेल, कडक फरशीवर टाच नुसती ठणकत असेल, तर मऊपणा उपयोगाचा आहे. पण कमान खाली पडून पट्टा ताणला जात असेल तर नुसता मऊपणा वजनाखाली दबतो आणि आधार कुठेच उरत नाही.

आधार देणाऱ्या इनसोलमध्ये कमानीखाली घट्ट प्लास्टिक, कॉर्क किंवा दाट ईव्हीए फोम असतो. तपासायची पद्धत सोपी आहे. इनसोल टेबलावर ठेवा आणि कमानीच्या जागी अंगठ्याने जोर लावा. अंगठ्याखाली तो सपाट झाला तर तुमच्या साठ-सत्तर किलोंखाली त्याचं काय होणार? थोडा दबून परत उठला पाहिजे. मग टाचेची जागा बघा. ती सपाट असेल तर सोडून द्या. काठ थोडे वर आलेले, खोलगट, म्हणजे टाच आत बसेल अशी हवी. अशा वाटीत टाचेखालची चरबी पसरत नाही, टाच आतबाहेर घसरत नाही. टाचदुखीच्या माणसाला माझ्या अनुभवात याच वाटीचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

मग इनसोल दुकानातल्या जमिनीवर ठेवा आणि मोज्यांसह त्यावर उभे राहा. लाजू नका. टाच वाटीत नीट बसली का? कमानीचा सगळ्यात उंच भाग तुमच्या कमानीच्या मधोमध आला का? तो पुढे सरकून अंगठ्याच्या मुळामागे टोचत असेल तर तुमच्या पायाला तो इनसोल लांबीने मोठा आहे, नंबर बरोबर असला तरी. कमानीला सगळीकडे हलका स्पर्श व्हावा, एका जागी गोळा टोचू नये. दोन मिनिटं उभे राहा, मग बुटात घालून दुकानात चाला. टाच बुटातून बाहेर निघत असेल तर त्या बुटात तो बसणार नाही.

ऑनलाइन घ्यायचा असेल तर कागदावर पावलाची आखणी करून लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा आणि परत करायची सोय असलेल्या ठिकाणीच घ्या. एका कंपनीचा आठ नंबर दुसरीच्या आठशी जुळेलच असं नाही.

खास बनवून घ्यावा का? इनसोलची किंमत काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत जाते, आणि मापाने बनवलेला सगळ्यात महाग असतो. टाचदुखीवर झालेल्या अभ्यासांत मापाच्या आणि तयार इनसोलमध्ये ठळक फरक दिसलेला नाही. म्हणून साध्या टाचदुखीला आधी चांगला तयार इनसोल सहा ते आठ आठवडे वापरून बघा. पावलाची ठेवण बरीच वेगळी असेल, मधुमेहाने संवेदना गेली असेल, जुनी जखम किंवा फ्रॅक्चर असेल, दोन्ही पायांच्या लांबीत फरक असेल, तर मापाने बनवलेला घ्या, आणि तोही नीट तपासणी करून देणाऱ्याकडून. नुसतं मशीनवर उभं करून रंगीत चित्र दाखवलं म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. समोरच्याने तुम्हाला चालवून बघितलं का, पोटरी ताणून बघितली का, तुमच्या कामाबद्दल विचारलं का?

पायरी ७ : कापणं आणि बसवणं

जुनी गादी काढा, नव्या इनसोलवर टाचेला टाच जुळवून ठेवा, पेनाने आखा. कापायचं ते फक्त बोटांकडच्या टोकाला, आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. धारदार कात्री घ्या. टाचेकडून किंवा कमानीच्या बाजूने कापू नका, आधार तिथेच असतो. बुटात घालून कडा वर वळतात का ते बघा. वळत असतील तर अजून थोडं कापा. वळलेल्या कडेवर बोट घासून फोड येतो. कापता येत नसेल तर हरभट रोड-गणपती पेठेच्या बाजूला चपला-बूट दुरुस्त करणारे कारागीर बसतात. त्यांचा हात आपल्यापेक्षा कितीतरी चांगला असतो.

पायरी ८ : पायाला सवय होऊ द्या

पहिल्या दिवशी तास-दोन तास. रोज तासभर वाढवत न्या. एक-दोन आठवड्यांत पूर्ण दिवस घालता आला पाहिजे. सुरुवातीला कमानीत किंवा पोटरीत थोडं अवघडल्यासारखं वाटतं, ते चालतं. गुडघा, मांडीचा सांधा किंवा कंबर नव्याने दुखायला लागली, फोड आला, बोटं बधिर झाली, तर काढून ठेवा आणि दाखवा.

आमराईत सकाळी फिरणाऱ्यांनी किंवा दंडोबाच्या डोंगरावर रविवारी चढणाऱ्यांनी नवा इनसोल आधी रोजच्या कामात वापरावा, मग फिरताना. वारीला चालत जाणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते, आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर चालायचंय, त्या वाटेवर नवा बूट आणि नवा इनसोल घालून निघू नका. निदान महिनाभर आधी सवय करा. ऐन आषाढात पाऊस लागतो, त्यामुळे मोज्यांच्या जादा जोड्या आणि इनसोलची एक सुकी जोडी पिशवीत असू द्या.

चपला आणि घरची फरशी

मी वर म्हटलं ते इथे येतं. बाहेरच्या चपलेत टाचेची वाटी आणि कमान चपलेच्या तळातच घडवलेली असावी, आणि टाचेमागे पट्टा असेल तर फार चांगलं. मागून मोकळ्या चपला पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. कोल्हापुरी चप्पल लग्नाकार्यात खुशाल घाला. पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, टाच धरलेली असताना ती रोज घालून मैलभर चालू नका.

घरात घालायला एक वेगळी, धुऊन स्वच्छ ठेवलेली जोडी करा. बाहेर ती न्यायचीच नाही. त्या शिक्षिकेच्या सासूबाईंना स्वयंपाकघरात चप्पल पटत नव्हती. नवी जोडी पाकिटातून त्यांच्यासमोर काढली, रोज धुऊन ओट्याखाली ठेवायची असं ठरलं, तेव्हा त्या तयार झाल्या. पुढे त्यांनी स्वतःसाठीही एक मागवली. देवघरात ती काढायची, दोन पावलांनी काही बिघडत नाही. ओट्यापाशी जाड रबरी मॅट टाकली तरी फरक पडतो.

इनसोलसोबत करायचे व्यायाम

हे सोडून नुसता इनसोल घातला तर काम अर्धवट राहतं. भिंतीला हात टेका, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, पुढे झुका. पोटरी ताणली गेली की ३० सेकंद थांबा. दोन्ही पायांनी तीन-तीन वेळा, दिवसातून दोनदा. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी पाय मांडीवर घ्या आणि हाताने बोटं मागे, नडगीकडे ओढा. तळव्यातला पट्टा ताणलेला बोटांना लागतो. दहा सेकंद, दहा वेळा, मगच उठा. संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून मोजा घातलेला पाय तिच्यावर पाच-दहा मिनिटं फिरवा. मधुमेह्यांनी बर्फाची बाटली वापरू नये. टाचदुखीला वेळ लागतो. बहुतेकांची टाच अशा साध्या उपायांनी सुटते, पण काहींना महिने लागतात. तीन महिने नीट करूनही काही फरक नसेल तर पुन्हा तपासून घ्या.

निगा आणि बदली

आपल्याकडे जून ते सप्टेंबर बूट सुकत नाहीत. रोज रात्री इनसोल बाहेर काढून पंख्याखाली उभा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे घाला. धुताना कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, उन्हात वाळत घालू नका, फोम कडक होऊन भेगाळतो. बुरशीचा वास येत असेल किंवा बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली असेल तर आधी त्वचेचे उपचार करा, आणि तो इनसोल टाकून द्या.

रोज वापरलेला फोमचा इनसोल साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो. घट्ट तळाचा त्याहून जास्त. तारीख लक्षात ठेवण्यापेक्षा दर महिन्याला तीच अंगठ्याची परीक्षा करा : कमान दाबून बघा, टाचेच्या वाटीत तुमच्या टाचेचा खोल ठसा कायमचा उमटलाय का बघा, डावा आणि उजवा शेजारी ठेवून उंचीत फरक पडलाय का बघा. पडला असेल तर दोन्ही एकदम बदला, आणि नवे घेताना जुना सोबत न्या.